वासारी कॉरिडॉर: दोन तास, पंचवीस माणसं आणि एकेरी वाट

आधी गैरसमज काढून टाकू. फ्लॉरेन्सच्या वासारी कॉरिडॉरमध्ये, म्हणजे उफिझी चित्रसंग्रहालयातून निघून नदीपलीकडे पित्ती राजवाड्यापाशी उतरणाऱ्या बंदिस्त बोळात, चित्रं बघायला म्हणून गेलात तर हात हलवत बाहेर पडाल. 1973 पासून तिथे चित्रकारांची स्वचित्रं ओळीने लावलेली असत, आणि नेटवरच्या जुन्या मजकुरात अजून त्यांचीच वर्णनं सापडतात. सुरक्षेच्या कारणाने 2016 मध्ये कॉरिडॉर बंद झाला. 21 डिसेंबर 2024 रोजी तो पुन्हा उघडला तेव्हा भिंती मोकळ्या होत्या: चुन्याचा गिलावा, भाजक्या विटेच्या फरश्या, खिडक्या, बस्स. स्वचित्रं 2023 पासून उफिझीच्या पहिल्या मजल्यावर स्वतंत्र दालनांत आहेत.

तरीही जावं, पण क्रम लावून. उफिझीत मोजकी चित्रं, मग कॉरिडॉर, आणि बाहेर पडल्यावर थोडं मागे चालत येऊन सांता फेलिचिता चर्चमधलं पोन्तोर्मो या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं चित्र. या तिन्हींची साखळी जुळली तरच तो कोरा बोळ बोलायला लागतो. नाहीतर खिडक्यांतून नदीचे फोटो काढून लोक पाऊण तासात बाहेर येतात आणि पैसे फुकट गेले म्हणतात.

तिकीट

कॉरिडॉरचं सुटं तिकीट नसतं. उफिझीसह जोडतिकीट घ्यावं लागतं आणि आरक्षण सक्तीचं आहे. कॉरिडॉर उघडला तेव्हा जोडतिकिटाचा दर 43 युरो होता. एका गटात जास्तीत जास्त 25 माणसं सोडतात. त्यामुळे गर्दीच्या महिन्यांत उफिझीची तिकिटं मिळत असतात तेव्हाही कॉरिडॉरच्या वेळा कधीच संपलेल्या असतात. सोमवारी सगळंच बंद. खरेदी संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. बाहेर 'वासारी कॉरिडॉर टूर' या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही सहलींत कॉरिडॉर फक्त खालून, रस्त्यावर उभं राहून दाखवतात. वर्णनात 'आत प्रवेश' असे शब्द आहेत का, ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

तिकिटावरची वेळ कॉरिडॉरची असते आणि उफिझीत प्रवेश त्याच्या दोन तास आधी मिळतो. कॉरिडॉरमध्ये शिरलात की उफिझी संपली, परत येता येत नाही. म्हणजे जगातल्या सर्वांत भरगच्च चित्रसंग्रहांपैकी एकासाठी हातात 120 मिनिटं. त्यातली पंधरा-वीस सुरक्षा तपासणी आणि जिने खातात. शेवटची दहा कॉरिडॉरच्या दाराशी वेळेआधी पोचण्यासाठी राखायची. उरली नव्वद.

आमच्या मते अकराच्या सुमाराची वेळ सर्वांत सोयीची. नऊला उफिझीत शिरायचं, पावणेबाराच्या आसपास पलीकडे पित्ती राजवाड्यापाशी बाहेर पडायचं. इटलीतल्या बऱ्याच चर्चप्रमाणे सांता फेलिचिताही दुपारी काही तास दार लावून घेतं, आणि बाराच्या आत तिथे पोचलं की पोन्तोर्मो हाती लागतो. दुपारी दोनची वेळ घेतलीत तर बाहेर आल्यावर चर्च उघडायची वाट बघत बसाल. चर्चच्या त्या दिवसाच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा. प्रार्थना चालू असताना बघ्यांना आत घेत नाहीत.

आता बॅगेचं. मोठी पाठपिशवी, लांब छत्री उफिझीच्या सामानघरात ठेवावी लागते. उफिझी नदीच्या उत्तरेला आणि तुम्ही बाहेर पडणार दक्षिणेला. सामान ठेवलं असेल तर पोन्ते वेक्यो या पुलावरच्या गर्दीतून वाट काढत परत जायचं आणि बाहेरच्या अंगाने ते सोडवून आणायचं. म्हणून जवळ लहान झोळी, पासपोर्ट, अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नसलेली पाण्याची बाटली आणि एक-दोन युरोची सुटी नाणी एवढंच ठेवा. नाण्यांचं काम शेवटी पडेल.

नव्वद मिनिटं

'उफिझी' म्हणजे कचेऱ्या. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या पहिल्या कोसिमोने शहराचा कारभार एका छताखाली आणण्यासाठी 1560 मध्ये चित्रकार, वास्तुरचनाकार आणि कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या जॉर्जो वासारीकडून हे बांधकाम सुरू करवलं. वासारी 1574 मध्ये वारला आणि बेर्नार्दो बुओन्तालेन्तीने काम पुढे नेलं. 1581 मध्ये कोसिमोच्या मुलाने, फ्रान्चेस्कोने, वरच्या मजल्यावर घराण्याच्या मूर्ती आणि चित्रं मांडली. पाहुण्यांना हिंडवत दाखवायची ती लांबलचक पडवी, म्हणजेच 'गॅलरिया'. आज आपण कुठल्याही चित्रदालनाला गॅलरी म्हणतो तो शब्द अशा पडव्यांतून आला. वर पोचल्यावर पहिल्या ओसरीत मान वर करून पाहा: छतावर 1581 च्या सुमाराची वेलबुट्टी, अर्धे पशू आणि अर्धे पक्षी, एका चौकटीसारखी दुसरी नाही. याच्यावर दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही.

इमारत यू आकाराची आहे आणि दालनं साधारण कालक्रमाने लावलेली आहेत. सुरुवातीच्या दालनांत बहुतेक लोक अर्धा तास घालवतात आणि मायकेलअँजेलोपाशी पोचेपर्यंत त्यांची धावपळ होते. सुरुवातीला एकाच दालनात उभं राहा, जिथे मेरीची तीन प्रचंड चित्रं आहेत: चिमाबुए, दुच्चो आणि जॉत्तो यांची. पहिल्या दोघांची मेरी सोन्याच्या पडद्यावर चिकटवल्यासारखी आहे. जॉत्तोच्या मेरीला वजन आहे, झग्याखाली गुडघे कळतात, ती आसनावर खरोखर बसली आहे. हा फरक डोळ्यांत बसला की पुढच्या दोनशे वर्षांत काय चाललं होतं ते समजावून सांगावं लागत नाही.

पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने काढलेलं उर्बीनोच्या सरदार-पत्नीचं जोडचित्र काचेत मधोमध उभं केलेलं असतं. सरदाराची डावी बाजूच दिसते, कारण उजवा डोळा त्याने द्वंद्वाच्या खेळात गमावला होता. नाकाच्या वरच्या भागातली खाच पाहा. दोघांना बघून बहुतेक लोक पुढे जातात. मागच्या बाजूला जा. तिथे त्या दोघांचे रथ, त्यांच्यामागे पसरलेलं खोरं आणि खाली लॅटिन ओळी आहेत.

बोत्तिचेल्लीच्या दालनात गर्दी असणारच. तिथे रंगाकडे लक्ष द्या. 'प्रिमावेरा' लाकडी फळीवर आहे, 'व्हीनसचा जन्म' कापडावर. पण रंग दोन्हीकडे टेम्परा, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेली रंगाची पूड. हा रंग बघता बघता वाळतो, ओल्या रंगात ओला रंग मिसळायला सवडच देत नाही. त्यामुळे गालावरून हनुवटीकडे उतरणारी सावली हवी असेल तर केसासारख्या बारीक रेघा शेजारी-शेजारी ओढत जावं लागतं. व्हीनसच्या मांडीची बाजू, मानेची कड इथे तिरकं उभं राहून पाहिलं की त्या रेघा दिसतात. समोरून काचेवरचं प्रतिबिंब त्या झाकून टाकतं. तैलरंगाच्या मऊपणाला सरावलेल्या डोळ्याला ही चित्रं थोडी कोरडी, कोरीव वाटतात, त्याचं कारण हेच.

लिओनार्दोच्या 'अनन्सिएशन'मध्ये, म्हणजे देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो त्या प्रसंगाच्या चित्रात, मेरीचा उजवा हात जरा जास्तच लांब वाटतो. पोथी ठेवायचं संगमरवरी घोडं तिच्या पुढे आहे, तिला तिथपर्यंत हात पोचवायचा आहे, आणि समोरून ते हिशोबात बसत नाही. चित्राच्या उजवीकडे तीन-चार पावलं सरका. हात आखडतो, घोडं मागे जातं. हे चित्र बाजूने बघितलं जाणार होतं असा तर्क यावरूनच करतात. करून बघायला अर्धा मिनिट पुरतो.

'त्रिबुना' या अष्टकोनी दालनात आत सोडत नाहीत, दारातूनच डोकवायचं. घुमटाला आतून शिंपले जडवले आहेत. रांग लांब असेल तर सोडून द्या.

आता जिथे पंधरा मिनिटं राखून ठेवायची ते चित्र: मायकेलअँजेलोचा 'तोन्दो दोनी', म्हणजे दोनी कुटुंबासाठी काढलेलं गोल चित्र, साधारण 1505-06 मधलं, व्यास सुमारे 120 सेंटीमीटर. सोनेरी चौकटीतून कोरलेली पाच डोकी बाहेर वाकून बघतात. ही चौकट मूळची. मेरी जमिनीवर बसून, धड पिळून, मागून येणारं मूल खांद्यावरून घेते आहे. तिच्या कपड्यांवर नजर ठेवा. कापडाच्या घडीत सावली दाखवायची तर साधा उपाय म्हणजे त्याच रंगात काळपट किंवा तपकिरी मिसळणं. इथे तसं केलेलं नाही. उजेडात एक रंग आहे आणि सावलीत सरळ दुसराच, धूपछाँव रेशमासारखा. आपल्याकडे पैठणीचा पदर हलवल्यावर होतो तसा. इटालियनमध्ये याला 'कान्जान्ते' म्हणतात. ही युक्ती डोक्यात ठेवून पुढे निघा, तासाभराने ती पुन्हा भेटणार आहे.

वेळ उरली तर पहिल्या मजल्यावरच्या स्वचित्रांकडे जा. हा संग्रह सतराव्या शतकात कार्डिनल लिओपोल्दो दे मेदिचीने सुरू केला. वेळ उरली नाही तर खंत करू नका.

बोळात

दाराशी गट जमवतात, तिकीट तपासतात, सोबत संग्रहालयाचा माणूस असतो. एकट्याने मागे रेंगाळता येत नाही. फ्लॅश, तिपाई, सेल्फीकाठी चालत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी नव्या दुरुस्तीत उतरंडी आणि उचलयंत्रं बसवली आहेत. लागणार असतील तर आरक्षण करतानाच कळवा.

सुरुवातीलाच पायऱ्या उतरायच्या आहेत. या भागाला लागूनच 27 मे 1993 च्या रात्री माफियाने गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. पाच माणसं गेली, त्यांत एक तान्हं बाळ होतं. उफिझीची आणि कॉरिडॉरची मोडतोड झाली, काही चित्रं कायमची नष्ट झाली. बाहेरच्या गल्लीचं नाव जेओर्गोफिली.

कॉरिडॉर उफिझीपासून बोबोली बागेपर्यंत साधारण पाऊण किलोमीटर जातो. कोसिमोने तो 1565 मध्ये बांधवला, निमित्त फ्रान्चेस्कोचं ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी, योहानाशी, लग्न. काम साधारण पाच महिन्यांत उरकलं. पाच वर्षं लागतील असं वाटलं होतं, हे खुद्द वासारीनेच लिहून ठेवलं आहे. कोसिमोला घरापासून कचेरीपर्यंत अंगरक्षकांशिवाय, चिखल आणि माणसं टाळून जायचं होतं. त्याच्या आधीच्या मेदिची सत्ताधाऱ्याचा, अलेस्सांद्रोचा, 1537 मध्ये खून झाला होता, हे लक्षात घेतलं की एवढी घाई का ते कळतं.

आधी नदीकाठाने कमानींवरून चालायचं, मग काटकोनात वळून पोन्ते वेक्योवर. पायाखालची फरशी किंचित चढते, मग उतरते, कारण खालचा पूल कमानीचा आहे. पूल 1345 चा, बोळ त्याच्यापेक्षा दोनशेवीस वर्षांनी धाकटा. रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या लहान, गोल, लोखंडी गजांच्या. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसतो. एका खिडकीपाशी थांबून सराफांच्या दुकानांसमोरच्या माणसांचे टाळू पाहा आणि ती माणसं वर बघतात का ते मोजा. एखादाच बघतो. पुलावर पूर्वी खाटीक होते. 1593 मध्ये फेर्दिनांदो पहिल्याने त्यांना हलवून सोनारांना जागा दिली. राजघराण्याच्या नाकाखालून रोज मांसाचा वास येत होता, हे कारण पटण्यासारखं आहे.

पुलाच्या मध्यावर अचानक मोठ्या रुंद खिडक्या येतात, आणि सगळा गट तिथेच अडतो. या वासारीच्या नव्हेत. 1930 च्या दशकाच्या अखेरीस, मुसोलिनीच्या राजवटीत, हिटलरच्या भेटीच्या संदर्भात त्या भिंत फोडून करवून घेतल्या. देखावा सुंदर आहे हे नाकारता येत नाही, पण बोळाचा सगळा हिशोब चोरून बघण्याचा आणि या खिडक्या मिरवण्याच्या. शेजारच्या गोल झरोक्याशी तुलना केली की हे टोचतं. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फ्लॉरेन्सचे बाकीचे पूल उडवले आणि हा ठेवला, मात्र दोन्ही टोकांचे मोहल्ले सुरुंगाने जमीनदोस्त केले. दक्षिणेकडचा काही भाग त्यानंतर पुन्हा उभारलेला आहे.

त्या रुंद खिडक्या पश्चिमेला, नदीच्या वाहत्या दिशेला तोंड करून आहेत. मराठी माणसाने इथे एक आठवण ठेवावी. याच अर्नोच्या काठी काही किलोमीटर खाली, मुन्योने ओढ्याच्या संगमावर, कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचं दहन झालं. युरोपच्या दौऱ्यावरून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले, वय जेमतेम वीस. काशीने उद्यानाच्या टोकाला त्यांची छत्री आहे, आत अर्धपुतळा, आणि जवळच्या आधुनिक पुलाला गावकरी 'इंदियानो'चा पूल म्हणतात. खिडकीतून ती दिसत नाही. दुपार मोकळी असेल तर तिथे स्वतंत्र जावं.

पूल संपताना बोळ एकदम उजवी-डावी वळणं घेतो. इथे मान्नेल्ली घराण्याचा मध्ययुगीन बुरूज आहे. त्यांनी तो पाडू द्यायला नकार दिला, आणि कोसिमोने जबरदस्ती केली नाही. वासारीने भिंतीत दगडी टेकू बसवून बोळ बुरुजाच्या बाहेरून लटकवत नेला. आतून ही करामत कळत नाही. नंतर रस्त्यावर उतरल्यावर पुलाच्या दक्षिण टोकाला उभं राहून वर बघितलं तरच समजते.

पुढे सांता फेलिचिता. बोळ चर्चच्या दर्शनी भागावरून जातो आणि एका ठिकाणी भिंत उघडते: आतल्या सभागृहावर उघडणारा सज्जा. राजघराणं इथून प्रार्थनेला हजर राहायचं, खालच्या माणसांत मिसळायची गरज नव्हती. समोर थेट मुख्य वेदी दिसते. पोन्तोर्मोचं चित्र मात्र खाली, दाराशेजारच्या कोपऱ्यातल्या देवळीत असल्याने इथून नीट दिसत नाही. सोबतचा माणूस ते खाली आहे एवढं सांगतो आणि गट पुढे सरकतो. ऐंशी टक्के कुतूहल इथेच वाया जातं.

शेवटी बोबोली बागेच्या अंगाला, बुओन्तालेन्तीच्या कृत्रिम गुहेशेजारच्या साध्या दारातून बाहेर पडतो. गुहेच्या कोपऱ्यांत दगडातून सुटू पाहणारे जे चार पुरुष आहेत ते मायकेलअँजेलोच्या 'कैद्यां'च्या प्रतिकृती; मूळ मूर्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अकादेमिया संग्रहालयात हलवल्या. पित्ती राजवाड्यातली चित्रं या तिकिटात नाहीत.

खालून

पित्तीच्या चौकातून उजवी-डावी न करता पोन्ते वेक्योच्या दिशेने परत चाला. पाच मिनिटांच्या आत उजव्या हाताला लहान चौक लागतो, समोर चर्च, त्याच्या माथ्यावरून मघाचाच बोळ गेलेला. आत शिरल्याबरोबर उजवीकडची पहिली देवळी काप्पोनी घराण्याची. जाळीमागे अंधार असतो. जवळच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो.

चित्र 1525 ते 1528 मधलं, तीन मीटरहून उंच. विषय ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवण्याचा म्हणतात, पण क्रूस नाही, शिडी नाही, जमीनही जवळजवळ नाही. एक ढग आहे आणि एकमेकांत गुंतलेली माणसं, सगळी चवड्यांवर उभी असल्यासारखी. पुढे बसलेला तरुण देहाचा भार पेलतो आहे तोही बोटांच्या टोकांवर. त्याचं अंग पाहा: गुलाबी कातडी की अंगाला चिकटलेलं गुलाबी वस्त्र, हे ठरवता येत नाही. उजेडात फिका गुलाबी, सावलीत नारिंगी. शेजारी हिरवट निळा. तोन्दो दोनीतली युक्ती इथे पार टोकाला नेली आहे, मायकेलअँजेलोच्या भरीव शरीरांचा आधार काढून घेऊन.

पोन्तोर्मोने ही देवळी तीन वर्षं आडोसा लावून बंद ठेवली, ज्याने पैसे दिले त्यालाही बघू दिलं नाही, असं वासारीने त्याच्या चरित्रात लिहिलं आहे. वासारीला चित्र आवडलं नव्हतं: सावल्या नाहीत, रंग सगळीकडे सारखाच उजळ, उजेड कुठला आणि मधली छटा कुठली कळत नाही, अशी त्याची तक्रार. तक्रार तपशिलात अचूक आहे. आणि त्याच वासारीने पुढे या देवळीच्या डोक्यावरून कोसिमोचा बोळ नेला.

शेजारच्या भिंतीवर खिडकीच्या एका बाजूला देवदूत, दुसऱ्या बाजूला मेरी, हे भित्तिचित्रही पोन्तोर्मोचंच. ते दिव्याशिवाय, खिडकीतून येणाऱ्या उजेडातच चांगलं दिसतं, म्हणून दिवा विझल्यावर लगेच दुसरं नाणं टाकू नका. निघताना वेदीकडे पाठ करून वर बघा: मघाचा सज्जा. पुढच्या गटाची डोकी तिथे हलताना दिसली तर त्यांना खाली यायला सांगायची सोय नाही.